एका चोचीचा मासा: घरातलं डावं-उजवं कसं सांभाळायचं

आमच्याकडे स्टीलचे दोन पेले आहेत. एकावर आजेसासूबाईंचं नाव कोरलंय, खाली १९७१ असं साल, आणि दुसरा मी बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेला, कोरा. दोन्हीत दूध सारखंच मावतं, मी मापाने ओतून बघितलंय, तरी रोज सकाळी "नावाचा पेला तिलाच का" यावरून सुरू होतं. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. एकदा वैतागून दोन्ही पेले माळ्यावर टाकले आणि अगदी एकसारखे दोन मग आणले, तर दुसऱ्या दिवशी भांडण कशावरून, तर एका मगाचा कान उजवीकडे करून ठेवला होता आणि दुसऱ्याचा डावीकडे. म्हणजे अक्षरशः डावं-उजवं.

तर हे ज्यांच्या घरी दोन किंवा जास्त मुलं आहेत त्यांच्यासाठी. मी कोणी तज्ज्ञ वगैरे नाही, मला पक्षी बघायचा नाद आहे आणि त्यावरचं जे मिळेल ते वाचते, आणि खरं सांगू का, भावंडांच्या भांडणाबद्दल मला जेवढं शहाणपण आलं ते पालकत्वाच्या व्हिडिओंपेक्षा बगळ्यांच्या वसाहतीखाली छत्री धरून उभं राहून जास्त आलं (छत्री पावसासाठी नाही, वरून जे पडतं त्यासाठी).

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की भावंडांचं भांडण म्हणजे आपल्या संस्कारात खोट. जांभूळ खाताना कधी विचार केलाय का की आत बी एकच का असते? फुलात बीजांडं कितीतरी असतात. बंगळुरूच्या गणेशैय्या आणि उमा शंकर या शास्त्रज्ञांच्या गटाने यावर काम केलंय, जे बीज आधी धरतं ते असं काही रसायन सोडतं की बाकीची भावंडं वाढतच नाहीत. शिसवाच्या शेंगेतही असाच प्रकार. झाडं सुद्धा सोडत नाहीत तर आपली पोरं काय सोडणार. आणि सँड टायगर शार्कमध्ये तर आईच्या पोटातच मोठं पिल्लू बाकीच्यांना खातं, दोन गर्भाशयांतून शेवटी दोनच बाहेर येतात. त्यामानाने मगाचा कान परवडला.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते गायबगळ्याने. सगळी अंडी घालून होईपर्यंत गायबगळ्याची जोडी थांबत नाही, आधीपासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येत नाहीत, थोरलं आधी, मग मधलं, शेवटी शेंडेफळ, आणि तेवढ्या दोन-तीन दिवसांत थोरलं एवढं दांडगं होतं की धाकट्याला टोचून टोचून कोपऱ्यात बसवतं, कधी मारतंही. आईबाप तिथेच उभे असतात आणि काही करत नाहीत. वर आणखी एक, पहिल्या अंड्यांच्या बलकात आई आक्रमकपणा वाढवणारी संप्रेरकं जास्त घालते. म्हणजे मारामारी पिल्लांची, पण आखाडा आईबापांनी खणलेला. कॅनरी पक्ष्यात बरोब्बर उलटं, तिथे शेवटच्या अंड्यात जास्त असतात, शेंडेफळाला थोडा हात दिल्यासारखं. कुठलीच आई तटस्थ नाही एवढं मला कळलं, आणि तिथून मी घरात बघायला लागले की आपण काय काय खणून ठेवलंय.

आधी आठवडाभर स्वतःला मोजा

हे सगळ्यात अवघड म्हणून पहिलं. फोनच्या नोट्समध्ये रोज रात्री तीनच गोष्टी लिहायच्या: आज कोणाला जास्त वेळा हाक मारली आणि कशासाठी, कोणावर ओरडलो, आणि कोणाचं बोलणं मध्ये न तोडता पूर्ण ऐकलं. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं लिहा आणि आठवडा संपेपर्यंत एकमेकांना दाखवू नका. मला वाटत होतं मी एकदम समतोल बाई आहे. सात दिवसांनी वाचलं तर मुलीला मारलेली जवळपास प्रत्येक हाक कामाची, "हे उचल, ते आण, त्याच्याकडे बघ जरा", आणि मुलाला "खाल्लंस का, दमलास का". ओरडणं मात्र सगळं मुलाच्या वाट्याला. दोघांना आपापल्या जागी वाटत होतं की दुसरा लाडका आहे आणि दोघांचंही बरोबर होतं.

अमेरिकेत बॉस्टनच्या आसपास जिल सूटर आणि कार्ल पिलेमर यांनी साठी-सत्तरीतल्या शेकडो आयांना सरळच विचारलं होतं की तुम्हाला जास्त जवळचं कोण. आपल्याला वाटतं आया म्हणतील छे छे सगळी सारखीच, पण बहुतेकींनी नाव घेतलं. आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना विचारलं तेव्हा कितीतरी जणांचा अंदाज साफ चुकला. म्हणजे माणूस पन्नाशीला आला तरी मनात हिशोब चालू असतो आणि तो हिशोबही चुकीचा. २०२५ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र फेरतपासणी प्रसिद्ध झाली, जवळपास साडेएकोणीस हजार माणसांची माहिती, त्यात दिसलं की आईबापांचा कल थोडासा मुलींकडे आणि जास्त करून जबाबदारीने वागणाऱ्या, शांत मुलांकडे जातो. ही माहिती बहुतेक पाश्चात्त्य देशांतली आहे, आपल्याकडच्या मुलींबद्दल खाली बोलतेच. पण शांत मुलाकडे कल जाणं, हे मी माझ्या नोट्समध्ये रोज वाचत होते.

एक सूचना, हे लिहिलेलं मुलांच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे लागलं. पुढचे दोन दिवस नका विचारू.

एका चोचीचा मासा ओळखायला शिका

टेक्सासमध्ये डग्लस मॉक नावाच्या शास्त्रज्ञाने मोठे पांढरे बगळे आणि ग्रेट ब्लू हेरॉन म्हणजे आपल्या राखी बगळ्याचा तिकडचा मोठा भाऊ, यांची पिल्लं बघितली. पांढऱ्या बगळ्यांची पिल्लं भयंकर मारामारी करत होती, हेरॉनची फारशी नाही. फरक काय, तर पांढरा बगळा पिल्लांना छोटे मासे आणतो, अख्खा मासा एका चोचीत मावतो, जो आधी पकडेल त्याचा. हेरॉन मोठे मासे आणतो, ते घरट्यात पडतात आणि सगळी मिळून टोचत बसतात, एकट्याने पळवताच येत नाहीत. मग मॉकने हेरॉनची पिल्लं बगळ्यांच्या घरट्यात ठेवली, आणि छोटे मासे खायला लागल्यावर तीही एकमेकांना टोचायला लागली. (बगळ्यांची पिल्लं हेरॉनकडे ठेवली तरी मारामारी करतच राहिली, काही जण तसेच असतात, सोडून द्या.)

हे वाचल्यापासून मी घरातल्या वस्तूंचे दोन भाग केलेत. पोहे, चिवडा, कलिंगड, गणपतीतले मोदक, यावरून आमच्याकडे कधी भांडण नाही. भांडण होतं ते एका चोचीच्या माशावर: रिमोट, खिडकीची सीट, टॅबलेट, लिफ्टचं बटण, आणि मे महिन्यात आंब्याचा बाठा. आमरस वाटीत सारखा वाढता येतो पण शेवटचा बाठा कोणी चोखायचा हे सारखं वाटता येत नाही.

मग करायचं काय.

जे मोठ्या माशासारखं करता येतं ते करून टाका. दोघांना दोन छोटी चॉकलेटं न आणता एक मोठं पाकीट डब्यात. दोन वेगळी खेळणी न आणता एकट्याने खेळताच येणार नाही असं काहीतरी, कॅरम, पत्ते, बॅडमिंटन. कापायची वस्तू असेल तर एकाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, हे जुनंच आहे पण काय चालतं म्हणून सांगू, आमचा मुलगा केक कापताना पट्टी घेऊन बसतो.

आणि जे वाटता येतच नाही त्याला पाळी लावा, पण पाळी आपल्या लक्षात ठेवायची नाही, कारण आपण विसरतो आणि मग विसरलो ते मुद्दाम असं ठरतं. तारखेवर लावा. आमच्याकडे विषम तारीख मुलीची, सम तारीख मुलाची, त्या दिवशी बाठा, खिडकी, पहिली अंघोळ, नावाचा पेला सगळं त्याचंच. वर्षभर सुरळीत चाललं आणि एके दिवशी मुलगा कॅलेंडर घेऊन आला की ३१ मे पण विषम आणि १ जून पण विषम, म्हणजे हिला लागोपाठ दोन दिवस, आणि हे वर्षातून सात वेळा होतं. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तेव्हापासून ३१ तारीख आईची. बाठा मी चोखते.

तुलना बंद करा, हेच मुख्य

ज्यांना बाकीचं वाचायला वेळ नाही त्यांनी एवढं तरी वाचा. तळ्यावर काळा, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा पक्षी असतो, आपण त्याला वारकरी म्हणतो, काही ठिकाणी चांदवा. त्याचा अमेरिकेतला चुलत भाऊ आहे, त्याची पिल्लं जन्मतःच डोक्या-मानेवर भडक नारिंगी पिसांची झालर घेऊन येतात. ब्रूस लायन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही पिल्लांच्या पिसांची नारिंगी टोकं कात्रीने कापली, की राहिली काळी. मग एकाच घरट्यात अर्धी नारिंगी, अर्धी काळी असताना आईबापांनी नारिंगीला जास्त भरवलं आणि काळी मागे पडली. हे १९९४ मध्ये छापून आलं आणि लोकांना यातला लाडाचा भाग लक्षात राहतो, पण मला त्याच प्रयोगातली दुसरी अर्धी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: ज्या घरट्यात सगळीच काळी केली होती ती पिल्लं अगदी व्यवस्थित वाढली, सगळ्या नारिंगी घरट्याइतकीच. काळं असण्याने काही बिघडलं नव्हतं. शेजारी नारिंगी होतं म्हणून बिघडलं.

तर आपल्या तोंडातली नारिंगी वाक्यं शोधा. "दादाने तुझ्या वयात पाढे पाठ केले होते." "बघ ताई कशी गपचूप जेवते." "तुम्हा दोघांत समजूतदार तूच." हे शेवटचं तर कौतुक वाटतं पण ते एकाच वेळी दोघांना मारतं, ज्याला म्हटलं त्याला आता कायम समजूतदार राहावं लागतं आणि दुसऱ्याला कळतं की ती जागा भरलेली आहे, मग तो मस्तीखोर ही रिकामी जागा घेतो. त्यापेक्षा ज्याचं त्याला सांगा. पाढे येत नाहीत तर "मागच्या आठवड्यात सातपर्यंत होतं, आता नऊपर्यंत आलंय" एवढं बास. कौतुक करायचं तर दुसऱ्याला ऐकवायला म्हणून किंवा दुसऱ्याकडे बघत करू नका. मार्कांचं पत्रक वेगवेगळ्या वेळी बघा, एकाच सोफ्यावर दोघांना बसवून नको.

नातेवाईक मात्र हे करणारच, "धाकटा गोरा आहे ना, मोठी बाबांवर गेली". अशा वेळी मुलांसमोरच पण हसत, "मामी, दोघं आपापल्या जागी छान आहेत, चहा घेताय ना" एवढं म्हणायचं. चर्चा करायला गेलं की ते वाक्य आणखी चार वेळा म्हटलं जातं.

सारखं देऊ नका, कारण सांगा

इथे मी स्वतः बरीच वर्षं चुकले. एकाला बूट घेतले की दुसऱ्याला पण घ्यायचे, गरज असो नसो. दमछाक आणि खर्च, आणि त्यातून मुलं उलट जास्त बारीक बघायला लागतात, ह्याचे बूट सहाशेचे आणि माझे साडेपाचशेचे. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये मुलांशीच बोलून बघितलं होतं, तर आईबाबा भावंडाशी वेगळं वागतात हे मुलांना दिसत होतं, पण बहुतेक वेळा ते अन्याय वाटत नव्हतं, कारण त्यांना कारण माहीत होतं. तो लहान आहे, तिला बरं नाही, त्याला अभ्यासात मदत लागते. जिथे कारण कळत नव्हतं तिथे खुपत होतं.

म्हणून वेगळं वागायची वेळ आली की दुसऱ्याला बाजूला घेऊन, छोट्या वाक्यात, खरं कारण. "ताईची परीक्षा आहे, आठ दिवस मी तिच्यापाशी जास्त बसणारे. रविवारी संध्याकाळी तू आणि मी भेळ खायला जाऊ, फक्त आपण दोघं." आणि मग रविवारी जायचंच, पाऊस असला तरी. एखाद्या मुलाला मोठं आजारपण असेल किंवा काही विशेष गरज असेल तर हे शंभरदा करावं लागतं, कारण दुसरं मूल विचारत नाही, ते फक्त गप्प होतं, आणि आपण म्हणतो किती समजूतदार. तिथे "तू मोठी ना" हे कारण म्हणून चालणार नाही. मोठी असणं हे कारण नाही, तो जन्माचा क्रम आहे, तिने निवडलेला नाही.

मारामारी चालू असेल तेव्हा

बगळा नुसता बघत उभा राहतो, आपण तसं राहू शकत नाही, पण प्रत्येक वेळी धावत जाणंही चुकीचंच. आमचा नियम असा की आवाज असेल तर थांबायचं, अचानक शांतता झाली तर धावायचं. मारायला हातात वस्तू घेतली असेल, एकजण रडत असेल आणि दुसरा थांबत नसेल, तर आधी दोघांना वेगळ्या खोलीत, बोलणं नंतर. "कोणी सुरुवात केली" हा प्रश्न कायमचा बंद. त्याचं खरं उत्तर कधीच मिळत नाही, ज्याला बोलता चांगलं येतं तो जिंकतो, म्हणजे बहुतेक वेळा थोरलं, आणि जो आधी रडतो तो जिंकतो, म्हणजे धाकटं.

दोघं थंड झाले की समोरासमोर बसवून एकेकाने सांगायचं, "मला काय हवं होतं". काय झालं ते नाही, काय हवं होतं ते. यात मला गव्हाणी घुबड आठवतं. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रूलँ यांनी बघितलं की आईबाप शिकारीला गेलेले असताना घरट्यातली पिल्लं रात्रभर आळीपाळीने आवाज करत राहतात, ज्याला जास्त भूक तो जास्त वेळ ओरडतो, आणि बाकीची ते ऐकून पुढच्या उंदरावरून माघार घेतात, कधी तर आपला घास भावंडाला देतात. मारामारी जवळपास नाहीच. घुबडाला अशुभ म्हणणाऱ्यांनी एकदा बघावं. आमच्याकडे एवढं सुसंस्कृत अजून नाही झालं, पण "मला पाच मिनिटं हवंय, मग तू घे" हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा माझ्याशिवाय ऐकू येतं.

दोघांच्या वयात अंतर कमी असेल, दीड-दोन वर्षं किंवा जुळी, तर भांडणं जास्त होणार हे धरूनच चाला. मॉकने गायबगळ्याची सगळी पिल्लं एकाच वयाची ठेवून बघितली होती, भांडणं वाढली आणि आईबापांना खाणंही जास्त आणावं लागलं. मोठ्याचा वरचष्मा ठरलेला असला की भांडण लवकर संपतं, बरोबरीचे असले की संपतच नाही. जुळ्यांच्या आयांना म्हणून माझा नमस्कार.

एक मूल दुसऱ्याला सतत घाबरून राहत असेल, जखमा होत असतील, अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल किंवा शाळेत जायचं नाव काढत नसेल, तर हे नेहमीचं भांडण नाही. मुलांच्या डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाकडे जा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

दुसरं बाळ येणार असेल तर

आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते आणि थोरलं कुठे, तर कधी आजीकडे, कधी बाबांकडे शाळेसाठी. दोन महिन्यांनी आई परत येते ती मांडीवर दुसरं घेऊन. त्याच्या बाजूने बघा जरा. शक्य असेल तर सोबत न्या, नाही तर रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल आणि त्यात बाळ दाखवायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं. बारशाला येणारे सगळे बाळासाठीच आणतात, तेव्हा थोरल्यासाठी चार छोट्या वस्तू बांधून कपाटात ठेवा. केंब्रिजच्या ज्युडी डन यांनी घरांमध्ये बसून लहान भावंडांचं निरीक्षण केलं होतं, त्यात दीड-दोन वर्षांची मुलंही आई दुसऱ्याशी काय बोलते-करते यावर बारीक नजर ठेवतात असं दिसलं. तेव्हा त्याला काय कळतंय असं समजू नका.

पांडाला जुळी झाली तर जंगलात ती एकच वाढवते, दुसरं सोडून देते. चीनमध्ये चेंगडूच्या केंद्रात माणसं गुपचूप पिल्लं अदलाबदल करतात, एक आईकडे असताना दुसरं काचेच्या पेटीत, मग उलट, आणि आई दोन्ही वाढवते. आपल्याकडे ती माणसं म्हणजे बाबा, आजी, मावशी. पण बहुतेक घरांत अदलाबदल होतच नाही, बाळ कायम आईकडे आणि थोरलं कायम बाबांकडे. रोज वीस मिनिटं बाळ बाबांकडे आणि थोरलं आईकडे, दार लावून. एवढंच करा.

मुलगा-मुलगी असतील तर नोट्समध्ये एक रकाना जास्त

यावर मी तिखट बोलणार आहे. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांचा २०१७ चा अभ्यास आहे, भारतातली मुलं आफ्रिकेतल्या गरीब देशांतल्या मुलांपेक्षाही बुटकी का. तर भारतातलं पहिलं मूल बुटकं नाही, तिकडच्या पहिल्या मुलापेक्षा उंचच आहे. उंची घसरते ती दुसऱ्या-तिसऱ्या मुलापासून, आणि त्यामागे थोरल्या मुलग्याला झुकतं माप देणं हे मोठं कारण त्यांना सापडलं. डावं-उजवं सेंटिमीटरमध्ये मोजता येतं. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच नको असताना झालेल्या मुलींचा अंदाज दिला होता, २ कोटी १० लाख. आणि साताऱ्यात २०११ मध्ये नकोशी, नकुसा अशी नावं असलेल्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, ते आठवत असेलच. आपल्या घरात असं नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं. मला पण वाटायचं, नोट्स लिहीपर्यंत.

म्हणून रकाना हा: जेवल्यावर ताट कोणी उचललं, पाणी कोणाला आणायला सांगितलं, गरम पोळी पहिली कोणाच्या ताटात, पाहुणे आले की कोणाला उठवलं, क्लासला किती पैसे कोणासाठी. महिनाभर. आकडेच बोलतात, सासूबाईंशी वाद घालायची पण गरज पडत नाही. सासूबाई तूप मुलाला जास्त वाढायच्या, खरं म्हणजे त्यांच्या लक्षातही येत नसे. मी त्यांना एकटं गाठून म्हटलं, "आई, तुम्हाला लहानपणी तूप कोण वाढायचं?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आधी भावांना. आम्हाला उरलं तर." दुसऱ्या दिवसापासून तुपाचं भांडं मुलीच्या हातात दिलं त्यांनीच, तूच वाढ सगळ्यांना म्हणून. भाऊबीजेला ओवाळायचं तर दोघांनी एकमेकांना ओवाळायचं आणि ओवाळणी दोघांनी टाकायची, हे आमचं गेल्या तीन दिवाळ्यांपासून.

आणि मुलं मोठी झाल्यावर

बाठ्याचं भांडण संपतं आणि सातबाऱ्याचं सुरू होतं. एका चोचीचा मासा इथे फ्लॅट असतो. हे तुमच्या मुलांसाठी नाही, तुमच्या आईवडिलांशी आणि भावंडांशी बोलायसाठी आहे, आणि ते सगळे धडधाकट असतानाच बोला.

कायद्याचं थोडक्यात: महाराष्ट्रात हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क १९९४ मध्येच दिला होता पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून, मग २००५ मध्ये देशभर सगळ्याच मुलींना, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. त्यामुळे बहिणीला "नुसती सही कर" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करणं, तेही तेराव्याच्या आसपास, हे करू नका आणि तुमच्यासमोर आलं तर घरी नेऊन वाचा, वकिलाला दाखवा, नंतर सांगते म्हणा. स्वतःच्या कमाईचं वडील कोणालाही देऊ शकतात, ते मृत्युपत्रात लिहून ठेवावं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, आणि ज्याला मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नका. जो सांभाळतो त्याला जिवंतपणीच बक्षीसपत्राने घर देत असाल तर सांभाळायची अट त्यात लिहा, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अट मोडली तर ते रद्द करून घेता येतं.

आणि कमीजास्त द्यायचं असेल, द्यावं लागतंच, तर कारण स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. वकिलाच्या ऑफिसात पहिल्यांदा कळलेलं कमीजास्त आणि बाबांच्या तोंडून कळलेलं यात फार फरक आहे. दागिने आणि भांडी पण लिहा, नावानिशी. लोक फ्लॅटवर समजुतीने घेतात आणि भांड्यावर अडतात. माझ्या आईची आणि मामाची बोलाचाली आजीच्या तांब्याच्या बंबावरून थांबली, बंबात आता कोणी पाणी तापवत नाही, मामाच्या गॅलरीत त्यात मनीप्लँट आहे. आई दर भाऊबीजेला ओवाळायला जाते, गॅलरीच्या बाजूला पाठ करून बसते.

नावाचा पेला मी त्यामुळे आत्ताच लिहून टाकलाय. दोघांना विचारलं, कोणाला हवा. मुलगी म्हणाली त्याला दे. मुलगा म्हणाला, "मग ३१ तारखेला कोणाकडे?"